शिडीचे बावीस

बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर
गुडघे हनुवटीला लावून आम्ही बसलो होतो,
कसबा बावड्यातल्या एकशे त्रेसष्ट घरांच्या इंटरनेटचे
अकरा बिनपगारी कारभारी.
भिंतीवर अननसाचा अ,
टेबलावर माझी वही,
आणि चहा, जो संस्थेच्या खर्चात धरावा की नाही
यावर मागल्या वर्षी एक अख्खी बैठक गेली होती.

मी दिवसभर मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते.
तिथं भाव ठरतो तो ओरडून.
रवा खरवडायचा, चिमूट जिभेवर ठेवायची,
आकडा फेकायचा.
इथं आकडा उच्चारायला कुणाची जीभ उचलेना.
दर म्हटलं की दुकान वाटतं,
वर्गणी म्हटलं की गणपती.
सरनोबत सरांनी फळ्यावर लिहिलं, सेवा शुल्क,
आणि दोन शब्दांच्या मधल्या जागेत
खडू बराच वेळ टेकवून ठेवला.

मी वाचलं.
कंपनीकडून घाऊक घेतो त्याचे एकवीस हजार.
खांबांचं भाडं अठराशे.
टाकीवरच्या यंत्राची वीज साडेअकराशे.
बॅटरी मरेल तेव्हासाठी बाजूला चोवीसशे.
भागिले घरं.
एकशे बासष्ट.
आणि आपण घेतो दीडशे, तीन वर्षं झाली,
सगळे म्हणतात, किती स्वस्त, कसं काय परवडतं तुम्हाला!

रंगराव म्हणाले, जो जास्त ओढतो त्यानं जास्त द्यावं.
तृप्ती म्हणाली, तुमच्या माडीवर बारा पोरं भाड्यानं राहतात, काका,
मग तुमच्यापासनंच सुरू करूया.
हशा झाला. रंगरावही हसले,
पण खुर्ची जरा मागं घेतली त्यांनी.
कुणी म्हणालं, पाण्यासारखं मीटर लावू.
कुणी म्हणालं, मीटर वाचायला कोण जाणार?
मग सगळे दाराकडं बघायला लागले,
कारण जाणारा माणूस दारातच उभा होता.

इलाही मुजावर.
वीज मंडळातनं निवृत्त, वय चौसष्ट,
गुडघ्याला पट्टा, म्हणून बुटक्या खुर्चीत बसत नाहीत.
मे महिन्यात वाऱ्यानं टाकीवरची तबकडी फिरली
तेव्हा रात्री दीडला वर चढले होते,
दातात बॅटरी धरून.
खाली आम्ही सगळे शिडी धरायला.
एकच शिडी, नऊ माणसं.

ते म्हणाले,
"वैनी, हिशेब चुकलाय तुमचा.
माझी रात्र फुकट धरलासा.
म्हणून आकडा एवढुसा दिसतोय.
मला नको पैसे, खुळ्यागत बोलू नका.
पर उद्या हा गुडघा न्हाई म्हणाला
तर वर जाणाऱ्या पोराला काय द्याल?
दुवा?"

अडतीवर मी वीस वर्षं घट धरते,
वजनात जे हवेत उडून जातं त्याचीसुद्धा ओळ असते.
आणि इथं एका माणसाची रात्र
कुठल्याच रकान्यात नव्हती.
स्वस्ताई आमची नव्हतीच,
ती त्यांच्या गुडघ्यातली होती.

मी नवी ओळ ओढली. शिडी.
महिन्याला साधारण छत्तीसशे. घरटी बावीस.
एकशे चौऱ्याऐंशी.
सुट्ट्यांची कटकट नको, पंच्याऐंशी करा, तृप्ती म्हणाली,
आणि मग तो वरचा रुपया
कुणाचा, यावर पुन्हा पाऊण तास.

एक घर आहे, परीट गल्लीच्या टोकाला,
ज्याच्या दारात पावतीपुस्तक घेऊन
आम्ही गेल्या दिवाळीपासून जात नाही.
मुलगी रात्री तिथं बसून परीक्षेचे पेपर सोडवते.
ते सोडून उरली एकशे बासष्ट घरं.
एकेक रुपया. एकशे बासष्ट.
मी दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा केली नाही.

"पर शिडीचे बावीस कमी पडत्यात की त्यांचे,"
रंगराव म्हणाले, आकडा बरोबर पकडून.
खरंच कमी पडत होते.

इलाहीभाईंनी पायात चपला सरकवल्या.
"त्या घराची शिडी मी अजून फुकट चढतो," म्हणाले,
"तेवढं तरी राहू दे मला."

वहीत मी लिहिलं, बावीस, येणे नाही.
खडूचा तो ठिपका
सरांनी पुसला नव्हता.